ज्यांची काढली त्यांनी उठायचं का?

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या इथल्या एका मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या नावाने मेसेज आला. ‘ताई, तुम्ही डॉक्टर आहात ना? आठ मार्चला आपण बीडच्या ऊसतोड भगिनींसाठी पाचशे सॅनिटरी पॅड किट पाठवतोय. सोबत अर्ध्या तासाचा जागृतीपर व्हिडिओ हवाय. मासिक पाळी, स्वच्छता, गर्भाशयाची काळजी वगैरे. मराठी सोपं ठेवा, त्या शिकलेल्या नसतात.’ खाली हात जोडलेले तीन इमोजी.

मी डॉक्टर आहे, पण कागदावरची. मला ताप आला तर मलाच दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागतं. पीएचडी सार्वजनिक आरोग्यात केली, त्यातली बरीच वर्षं ऊसतोड बायकांच्या प्रजनन आरोग्यावर घालवली आणि आता अबू धाबीत पोस्टडॉक करते आहे. म्हणजे माणूस त्यांनी बरोबर निवडला होता. तरी मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हणून थांबले असते तर बरं झालं असतं, पण मी वर लिहिलं की हा व्हिडिओ करूच नये. मग व्हायचं ते झालं. ‘एवढं शिकून समाजाला उपयोग काय,’ असं एका काकांनी लिहिलं. एका मैत्रिणीने वेगळा मेसेज केला, ‘अगं, काहीतरी करतायत ना लोक? तू नेहमी मोडता का घालतेस?’ दोघांनाही तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. ते इथे देते आहे, कारण हे फक्त आमच्या मंडळापुरतं नाही. न्यू जर्सीपासून मेलबर्नपर्यंत मराठी माणसाला गावाकडच्या बाईला काहीतरी ‘शिकवायचं’ असतं आणि ती सोय आपण ‘जागृती’ या एका शब्दात करून घेतली आहे.

बीडची गोष्ट बहुतेकांनी बातम्यांत वाचली असेल. २०१९ साली ती देशभर गाजली. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणात काढली जात आहेत, त्यातल्या कितीतरी जणी पस्तिशीही न गाठलेल्या. सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभराचा हा आकडा शंभरात तीनच्या आसपास आहे. वयोगट अगदी जुळवून ही तुलना केलेली नाही, पण एवढी तफावत त्याने भरून निघत नाही.

हे वाचून आपल्या मनात पहिला शब्द येतो तो ‘अज्ञान’. बिचाऱ्यांना माहीत नसतं, डॉक्टर सांगेल त्यावर विश्वास ठेवतात. मग उपाय ओघानेच येतो, माहिती द्या. पॅड, पोस्टर, व्हिडिओ.

मीही असंच मानत होते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या तळावर मी माझं पहिलं सत्र घेतलं. तळ म्हणजे ऊसतोड टोळ्या उतरतात ती मोकळी जागा. पाचट आणि ताडपत्रीच्या कोप्या, मध्ये चुली, बाजूला बैल. नळ एक, तोही लांब, आणि संडास नाहीच. बायका भाकरी थापून, पोरं निजवून आठच्या पुढे आल्या. पहाटे तीनला पुन्हा उठायचं होतं. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला चार रंगांतला तक्ता टांगला. गर्भाशय, बीजांडकोष, बीजवाहिन्या. टॉर्चच्या उजेडात वीस मिनिटं बोलले. छान बोलले असं मला वाटत होतं. कुणी जांभई दिली नाही, कुणी उठलं नाही. मग मागून चाळिशीची एक बाई म्हणाली, ‘मॅडम, ज्यांची काढलीय त्यांनी उठायचं का बसायचं?’

सगळ्या हसल्या. मीही हसले, कळायच्या आधीच. मग विचारलं, कुणाकुणाची काढली आहे? हात वर झाले. मी मोजले नाहीत. निम्म्याच्या जवळपास असावेत. वीस मिनिटं मी त्या बायकांना त्यांच्या अंगात नसलेल्या अवयवाची काळजी कशी घ्यायची ते सांगत होते, आणि त्या पाहुणीचा मान म्हणून ऐकून घेत होत्या.

त्या रात्री तक्ता गुंडाळून ठेवला आणि जी बोलली तिच्याजवळ बसले. तिने हिशेब सांगितला. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादम हंगामाच्या आधी उचल देतो ती कोयत्याला, एकट्याला नाही. दोघांतलं एक जरी फडात गेलं नाही तरी कोयत्याचा खाडा पडतो. खाड्याला तेव्हा पाचशे रुपये कापले जात, काही ठिकाणी जास्तही. ‘पाळीचे चार दिवस धरा,’ ती म्हणाली. ‘रक्त जातंय, कंबर मोडतेय, डोक्यावर मोळी चढत नाही. चार दिवसांचे दोन हजार. हंगाम सहा महिन्यांचा. झाले बारा हजार. ऑपरेशनला पस्तीस लागले. तीन हंगामात फिटलं.’

तिला आकडेमोड येत होती. माझ्यापेक्षा बरी येत होती.

पस्तीस हजार कुठून आणले? मुकादमाकडूनच, पुढच्या हंगामाची उचल म्हणून. म्हणजे पिशवी काढायचं कर्ज फेडायला पुन्हा त्याच फडात. आणि काढायला कुणी सांगितलं? अंगावरून पांढरं जात होतं म्हणून तालुक्याच्या एका दवाखान्यात गेली. सोनोग्राफी केली. ‘पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं. वय तेव्हा सव्वीस. दोन मुलं झालेली, नसबंदी विसाव्या वर्षी उरकलेली. मग पिशवी ठेवायची कशाला, असं डॉक्टर म्हणाला, सासू म्हणाली, आणि तीही म्हणाली. ‘मोकळी झाले,’ हा तिचा शब्द. मग जरा थांबून, ‘पण अंगातून वाफा येतात. हाडं दुखतात. हे कशानं, ते सांगा की.’

माझ्या तक्त्यावर ते नव्हतं. बीजांडकोषही काढले असतील तर बाईला सव्विसाव्या वर्षी पाळी जाण्याचं वय एकदम येतं. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. बीजांडकोष ठेवले तरी ते वय पुष्कळदा आधीच येतं. तिचे ठेवले होते का काढले? तिला माहीत नव्हतं, कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं. कागदही दिला नव्हता. तिची खरी माहितीची गरज एवढीच आणि नेमकी होती, आणि ती मला तिथल्या तिथे भागवता आली नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे शिकवायला हवंच ना? हवंच. मी शिकवण्याच्या विरोधात नाही, माझं पोट त्यावर चालतं. माझा विरोध आहे तो काय शिकवायचं हे विद्यार्थिनीला न विचारता ठरवण्याला. पाळी म्हणजे काय हे पंचवीस वर्षं पाळी काढलेल्या बाईला सांगायला जाण्यात एक मोठा उद्धटपणा आहे आणि तो आपल्याला दिसत नाही, कारण आपण तो प्रेमाने करतो. तिला जे सांगायला हवं ते वेगळं आहे. पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं लक्षण असतं, कधी तर काहीच नसतं, आणि गोळ्यांनी बरं होतं. ‘सूज’ हे रोगाचं नाव नाही. डॉक्टरला विचारायचं, आजाराचं नाव काय, सोनोग्राफीचा कागद माझ्या हातात द्या, औषधाने भागेल का, गोळ्या किंवा हार्मोनची तांबी चालेल का, काढलीच तर बीजांडकोष ठेवणार का, आणि मी हा कागद सरकारी दवाखान्यात दाखवून येईपर्यंत थांबलं तर काय बिघडेल. हे प्रश्न विचारायला अक्षरओळख लागत नाही. सोबत एक माणूस लागतं आणि एक दिवस लागतो. तो दिवस खाडा धरला जातो.

अर्थात काही बायकांना गर्भाशय काढावंच लागतं. मोठ्या गाठी असतात, अंग बाहेर येतं, रक्तस्राव काही केल्या थांबत नाही. डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईचं अंग बाहेर येणं यात नवल काय? म्हणून प्रत्येक शस्त्रक्रिया फसवणूक असं मी म्हणत नाही. २०१९ नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली, ते चांगलं झालं. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहार, छत्तीसगढ, राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांच्या खटल्यात सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं, तेही चांगलं झालं. पण परवानगीचा कागद दवाखान्याच्या टेबलावर असतो. खाडा मुकादमाच्या वहीत असतो आणि त्या वहीला कुणाची परवानगी लागत नाही.

कॅन्सरच्या भीतीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर वेळीच तपासणी करून रोखता येतो, याचा जगातला एक मोठा पुरावा कुठून आला माहीत आहे? बीडला लागून असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातून. तिथल्या १,३१,७४६ बायकांवर केलेला अभ्यास २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आणि त्यानंतरच्या उपचाराने या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या कामात बार्शीचं कॅन्सर रुग्णालय होतं, मुंबईचं टाटा होतं. पुढे मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाच्याच डॉक्टरांनी नुसत्या व्हिनेगरसारख्या पातळ अॅसिडने गर्भाशयमुख तपासून मृत्यू तिसऱ्या हिश्शाने कमी होतात हे दाखवलं, २०१३ मध्ये ते जगभर गाजलं. मी इथे परिषदांना जाते तेव्हा आफ्रिकेतले, फिलिपिन्समधले लोक मला ‘तुमच्या उस्मानाबादबद्दल’ विचारतात. आणि त्या जिल्ह्याच्या शेजारी त्याच कॅन्सरची भीती घालून तिशीच्या आतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. इथे माहिती कमी पडली असं म्हणणार का? माहिती होती, जगात सगळ्यांत जवळ होती. एका हंगामात एकदा नर्सला तळावर घेऊन येणारी गाडी नव्हती.

आणखी एक सोयीचा समज आहे, की आपल्याकडे या विषयावर कुणी बोलत नाही म्हणून आपण बाहेरून जाऊन बोलायला हवं. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, एकात तर त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे होते. त्या मासिकात वाचकांचे प्रश्न येत आणि कर्वे त्यांना उत्तरं देत, कधी फटकारूनही देत. प्रश्न आधी आणि उत्तर नंतर, हा साधा क्रम शंभर वर्षांपूर्वी आपल्याच भाषेत होता. पुढे गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तो लेख १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जगाच्या आरोग्य धोरणात तोवर बाई म्हणजे गरोदर बाई एवढंच गृहीत होतं. तो समज हलवायला एक मराठी डॉक्टर बाई पुरली, कारण ती आधी ऐकायला बसली. तिचं ‘कानोसा’ हे पुस्तक ज्यांना व्हिडिओ करायचा आहे त्यांनी आधी वाचावं. ‘मराठी सोपं ठेवा’ म्हणजे काय ते कळेल. बायका ‘पिशवी’ म्हणतात, ‘अंगावरून जाणं’ म्हणतात, ‘बाजूला बसणं’ म्हणतात. अवघड मराठी आपलं आहे, ‘बीजवाहिन्या’ आपल्या आहेत.

मी आता जे काम करते ते निर्वासित आणि विस्थापित बायकांच्या आरोग्यसेवांवर आहे. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर जगाने एक गोष्ट मान्य केली, की युद्ध किंवा भूकंपातून पळालेल्या बाईलाही पाळी येते, दिवस जातात, तिच्यावर बलात्कार होतो, तिचा गर्भपात होतो, आणि या गोष्टी तंबू उभारून होईपर्यंत थांबत नाहीत. त्यातून किमान सेवांचं एक पॅकेज तयार झालं. संकटाच्या पहिल्या दिवसांपासून काय द्यायचं याची यादी आहे आणि तिला नंबर दिलेली खोकी आहेत. स्वच्छ बाळंतपणाचं दोन नंबरचं, बलात्कारानंतरच्या उपचाराचं तीन नंबरचं, गर्भपातातल्या गुंतागुंतीचं आठ नंबरचं. दुबईच्या इंटरनॅशनल ह्युमॅनिटेरियन सिटीत संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांची मोठाली कोठारं आहेत, तिथून विमानं भरून जगभर मदत जाते. मी सुरुवातीला त्या यादीत ‘जागृती व्याख्यान’ कुठल्या खोक्यात आहे ते शोधलं. नाही. आधी दाई, औषध, रात्री दवाखान्यात न्यायला वाहन, आणि हे कुठे मिळतं याची खबर वस्तीत पोचवणं. व्यवस्थित वर्ग घेणं नंतर, परिस्थिती स्थिरावली की. हे लिहिणारे लोक काही बायकांच्या शिक्षणाचे शत्रू नव्हते. त्यांनी छावण्या पाहिल्या होत्या.

आता त्या यादीजवळ बीडची बाई ठेवून बघा. वर्षातले सहा महिने घराबाहेर, पाचटाच्या कोपीत, पाणी नाही, संडास नाही, दाई नाही, पोरांची शाळा सुटलेली, आशाताई गावाकडे आणि ही तीन जिल्हे पलीकडे किंवा थेट कर्नाटकात. फडात काम करताकरता बाळंत होणाऱ्या बायका आहेत. छावणीचं सगळं वर्णन जुळतं. फरक एवढाच की तिच्यावर कुणी बॉम्ब टाकलेला नाही, म्हणून तिला विस्थापित म्हणत नाहीत. ‘हंगामी स्थलांतरित मजूर’ म्हणतात. त्या शब्दाला खोकं मिळत नाही. त्या शब्दाला व्हिडिओ मिळतो.

पॅडबद्दल. पॅड वाईट नाहीत. पण आठ तास उसाच्या फडात, हात धुवायला पाणी नाही, आडोसा म्हणजे ऊसच, वापरलेलं पॅड टाकायचं कुठे? मी विचारलं तेव्हा एक पोरगी म्हणाली, ‘पॅड चांगलंय हो, बदलायला जागा द्या.’ पाचशे किट पाठवणाऱ्यांपैकी हे कुणी विचारलं होतं का? मी ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, ‘ते तिथले कार्यकर्ते बघतील.’

इथवर आपण सगळे बीडबद्दल बोलत होतो, सुरक्षित अंतरावरून. आता इमारतीची लिफ्ट.

आमच्याच इमारतीत एका मराठी कुटुंबाकडे राहून काम करणारी बाई आहे, गोदावरीच्या खोऱ्यातल्या आंध्रातल्या गावची, विधवा. मला लिफ्टमध्ये भेटते, हसते. अडीच वर्षं आम्ही हसत होतो. गेल्या वर्षी एकदा लिफ्टमध्ये दोघीच होतो तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘दीदी, बंद नहीं होता.’ तीन महिने रक्त जात होतं. चेहरा पांढराफटक. मी विचारलं, इन्शुरन्स कार्ड? मॅडमच्या कपाटात, हरवू नये म्हणून. सांगितलं का मॅडमना? नाही. मग ती म्हणाली, ‘निकाल देंगे क्या?’

मला वाटलं ती पिशवीबद्दल विचारते आहे. मी माझ्या अभ्यासाच्या थाटात समजावायला लागले, की लगेच काढत नाहीत, आधी तपासतात वगैरे. ती ऐकत राहिली. सातवा मजला आला तेव्हा मला कळलं, ती नोकरीबद्दल विचारत होती.

दुसरी भीती तिने नंतर सांगितली. नवरा नाही, मग बायकांच्या डॉक्टरकडे गेलं तर विचारतील, कशाला आलीस. ही भीती हवेतली नव्हती. या देशात लग्नाबाहेरचा संबंध सरसकट गुन्हा होता. गरोदर बाईला दवाखान्यात लग्नाचा दाखला मागत आणि तो नसेल तर प्रकरण पोलिसांकडे जाऊ शकत असे. २०२२ च्या जानेवारीपासून नवा दंडसंहिता कायदा आला आणि ते बरंच सैल झालं, पण हे कामाला येणाऱ्या बायकांना कुणी सांगितलं आहे? त्याच वर्षीच्या घरकामगारांच्या कायद्यात आठवड्याची पगारी सुट्टी आहे, वर्षाला तीस दिवसांपर्यंत आजारपणाची रजा आहे, त्यातले पहिले पंधरा दिवस पूर्ण पगारी. दुबईत आणि अबू धाबीत विमा आधीपासून सक्तीचा होता, २०२५ च्या जानेवारीपासून शारजा, अजमान आणि इतर अमिरातींमध्येही घरकामगारांसाठी झाला. कायदा, म्हणजे, आहे. कार्ड कपाटात आहे.

तिला गाठ होती. तिच्या मॅडमने कळल्यावर सगळं व्यवस्थित केलं, हे मुद्दाम लिहिते. त्या वाईट बाई नाहीत. आठ मार्चच्या किट समितीतही आहेत. आणि मी? मी विस्थापित बायकांच्या रक्तस्रावावर पेपर लिहीत होते आणि अडीच वर्षं लिफ्टमध्ये हसत होते. या लेखात मी कुणाला बोलते आहे ते मला माहीत आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की प्रजनन आरोग्याचा वर्ग भरवायचाच तर आधी आपल्या दिवाणखान्यात भरवा. अभ्यासक्रम छोटा आहे. घरकाम करणाऱ्या बाईचं विम्याचं कार्ड आजच्या आज तिच्या हातात द्या. कुठल्या दवाखान्यात चालतं ते तिला तिच्या भाषेत लिहून किंवा रेकॉर्ड करून द्या. पाळीच्या दिवसांत फरशी पुसायची राहिली तर चालेल, हे तोंडाने सांगा, ती ओळखून घेईल असं समजू नका. डॉक्टरकडे तिच्यासोबत जा आणि आत गेल्यावर आपण गप्प बसा. हे शेवटचं सगळ्यांत अवघड जातं.

आणि बीडसाठी? ‘मग काहीच करायचं नाही का’ हा प्रश्न मला रागाने विचारला गेला, पण प्रश्न चांगला आहे. आपल्यापैकी कितीजण कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगरचे आहेत? कितीजणांच्या वडिलांच्या, आजोबांच्या नावावर साखर कारखान्याचा शेअर आहे? दिवाळीला सभासदांची साखर येते ना घरी, सवलतीची? तो ऊस कुणी तोडला? खाडा कापणारा मुकादम आपल्याला दूरचा खलनायक वाटतो, पण मुकादमाशी करार कारखान्याचा असतो आणि कारखाना सभासदांचा. आपण बीडच्या बाईचे दूरचे हितचिंतक नाही. तिच्या मालकाच्या बाजूला आपलं नाव आहे. तिला शिकवण्याआधी संचालक मंडळाला शिकवायचं आहे, आणि वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारायचा हक्क तिला नाही, आपल्या घरच्यांना आहे.

मी ग्रुपवर व्हिडिओऐवजी एक पत्राचा मसुदा टाकला. चेअरमनना, सभासदाच्या सहीने. मागण्या थोड्याच. पाळी, बाळंतपण आणि दवाखान्याचे दिवस खाड्यात धरू नयेत, असं मुकादमाच्या करारात लिहा. तळावर पाणी आणि दार असलेला संडास, कोप्या पडायच्या आधी. हंगामात दोनदा सरकारी दवाखान्याची नर्स आणि डॉक्टर तळावर, त्या दिवशी पूर्ण मजुरी. ज्यांची पिशवी आधीच काढली आहे त्यांची वेगळी तपासणी, हाडांची आणि रक्ताची, कारण त्यांना आजवर सगळे विसरले आहेत, तक्तेवालीसकट. मंडळाला खर्चच करायचा असेल तर डॉक्टरकडे जाण्याच्या दिवसाची मजुरी भरून द्या. फोटो चांगला येणार नाही, कारण त्या दिवशी ती बाई तुमच्या बॅनरसमोर नसेल, तालुक्याला गेलेली असेल.

काकांनी लिहिलं, ‘यात राजकारण येतं, मंडळ राजकारणापासून अलिप्त आहे.’ हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचा अर्थ मला आता पाठ झाला आहे. ज्याने आपल्या घरच्या साखरेला धक्का लागतो ते राजकारण, आणि ज्याने लागत नाही ती समाजसेवा. मला खोटं ठरवायचं असेल तर एक पत्र पाठवून दाखवा.

पॅडची किटं गेली. फोटो आले. त्यात बायका ओळीत उभ्या आहेत, किट छातीशी धरून. व्हिडिओ दुसऱ्या कुणीतरी केला, मी पाहिला, आवाज छान आहे. पत्राचा मसुदा चौघांनी मागून घेतला. त्यातल्या एकाचे मामा संचालक आहेत, तो म्हणाला, बघतो. दुसरीने वडिलांना वाचून दाखवला, ते म्हणाले, सभेत माझ्याच्याने बोलवणार नाही, पण सही करतो.

माझ्या वडिलांच्या नावावरही एक शेअर आहे, आजोबांकडून आलेला. हे मी या लेखात इतक्या उशिरा सांगते आहे, याची मला कल्पना आहे. बाबा आधी म्हणाले, कशाला उगाच, आपलं गाव आहे. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आईने त्यांना काय सांगितलं ते दोघांनीही मला सांगितलं नाही. पत्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून काढलं, ‘खाडा’ शब्दाखाली रेघ मारली आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोच आली आहे. उत्तर अजून नाही. वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये असते, तिकीट मी काढून ठेवलं आहे.